घटनादुरुस्ती नेमकी कुठे अडते?

घटना बदलायला दोन तृतीयांश बहुमत लागतं, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. कलम ३६८ मध्ये मात्र अटी दोन आहेत: हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत आणि सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. प्रत्येक सभागृहात दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. लोकसभेच्या ५४३ जागा धरा. ४०० जणांनी मतदान केलं तर दोन तृतीयांश म्हणजे २६७. पण तेवढ्यावर विधेयक पडेल, कारण एकूण सदस्यसंख्येचं बहुमत २७२ आहे. ५४० जणांनी मत दिलं, तर ३६० लागतील. दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठकीची पळवाटही नाही, आणि ती नाही हे फार बरं आहे.

राज्यांच्या अधिकारांना हात लागला की निम्म्या विधानसभांची संमतीही हवी. नेमकं इथेच घोडं अडतं. २०११ ची ९७ वी दुरुस्ती सहकारी संस्थांसाठी होती. सहकार हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा विषय, तरी राज्यांची संमती घेतलीच नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा भाग ९-ब राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द केला. तो उरला फक्त बहुराज्यीय संस्थांना. म्हणजे आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्था आणि बहुतेक साखर कारखाने राज्याच्याच कायद्याखाली राहिले.

आकडे जुळले तरी शेवटची चाळणी उरतेच. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींनी ७ विरुद्ध ६ असा कौल दिला: संसद कोणतंही कलम बदलू शकते, घटनेची मूलभूत चौकट नाही. तिची पक्की यादी न्यायालयाने दिलेली नाही. संघराज्य, धर्मनिरपेक्षता, न्यायालयीन पुनर्विलोकन (कायदा घटनेला धरून आहे का हे तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार) ही तत्त्वं निकालागणिक तीत स्पष्ट होत गेली.