ट्रेलरच्या विद्युत ब्रेकची जोडणी

यवतेश्वरचा घाट उतरताना मागचा कॅम्पर ट्रेलर गाडीला ढकलू लागला, तेव्हाच त्याला विद्युत ब्रेक बसवायचे मी ठरवले आणि साताऱ्यातल्या अंगणात दोन रविवार त्यात घालवले. या ब्रेकच्या ड्रममध्ये एक चुंबक असतो. गाडीतील कंट्रोलरकडून वीज आली की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याच्यासोबत ओढला जाऊन तरफ हलवतो आणि ब्रेकचे शू ड्रमवर दाबले जातात. चुंबकाच्या दोन तारांपैकी कोणतीही अर्थला (वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीला) जोडली तरी चालते, हे समजल्यावर माझी निम्मी भीती गेली.

एक चुंबक 12 व्होल्टवर साधारण 3 अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे तार बारीक असल्यास वाटेतच व्होल्टेज पडते. पहिल्या रविवारी मी अर्थसाठी ट्रेलरच्या सांगाड्यावरच विसंबलो होतो, पण रंग आणि गंज यांमुळे डावे चाक जवळपास मोकळेच फिरत राहिले. मग ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या विजेच्या प्लगपर्यंत स्वतंत्र जाड तार ओढली आणि (साताऱ्याचा पाऊस ठाऊक असल्याने) प्रत्येक सांध्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवली.

ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारा स्विच मात्र ट्रेलरवरच्याच बॅटरीला जोडावा लागतो. गाडीचा प्लग काढून, चाके जॅकवर उचलून मी या स्विचची पिन उपसली. दोन्ही चाके जागीच जाम झाली.