तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कामाचा माणूस’ खरंच कामाचा आहे का?

निवडणूक तोंडावर आली की पुण्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात, आणि जानेवारी 2026 चं मतदान होऊन गेलं तरी ते थांबलेले नाहीत. एक, ‘आमच्याकडे सगळे म्हणतात अमुक माणूस कामाचा आहे. त्यावर किती विसंबायचं?’ दोन, ‘महापौर कोण झालेला बरा?’

दुसरा प्रश्न आधी उरकू. महापालिकेत महापौर आपण निवडत नाही. नगरसेवक आपल्यातूनच एकाला अडीच वर्षांसाठी निवडतात, तेही हात वर करून, आणि पक्षादेश मोडला तर नगरसेवकपदच जाऊ शकतं. ते पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे मुंबईत सोडतीने ठरतं. 2017 साली ही सोडत मतदानाच्या आधी झाली होती. यंदा मतमोजणी 16 जानेवारीला आणि सोडत 22 जानेवारीला. पुण्याचं पद सर्वसाधारण महिलांसाठी निघालं, त्यामुळे ज्या दादा-अण्णांना कार्यकर्त्यांनी आधीच ‘भावी महापौर’ करून टाकलं होतं, त्यांचे फ्लेक्स वाया गेले. नगरपरिषदेचा नगराध्यक्ष मात्र थेट लोकांतून निवडला जातो. गावाकडच्या नातेवाइकांचा अनुभव इथे लावला की गोंधळ होतो तो यामुळेच.

शिवाय महापौर सभा चालवतो, कारभार नव्हे. कारभार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या हातात आणि पैशाचे ठराव सोळा जणांच्या स्थायी समितीत. तेव्हा आपल्या प्रभागातलं कोण ‘स्थायी’वर जातंय, याची चौकशी जास्त कामाची.

आता पहिला प्रश्न. कट्ट्यावरचं मत खोटं नसतं, पण ते फार थोड्या भागाचं असतं. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 जागा आहेत. एक प्रभाग पाच सदस्यांचा, बाकी सगळे चारचे. 2011 च्या जनगणनेवर हिशेब केला तर चार सदस्यांच्या एका प्रभागात साधारण 84 हजार माणसं येतात. चहाच्या टपरीवर दहा जण एकमताने बोलले तरी ते बहुतेक वेळा त्याच दोन गल्ल्यांतले, आणि उमेदवाराचं संपर्क कार्यालय तिथून हाकेच्या अंतरावर. त्याच उमेदवाराबद्दल प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला विचारून पाहा. नाव ऐकलेलं नसेल, तर ‘कामाचा’ याचा अर्थ ‘आमच्या कामाचा’ एवढाच घ्यायचा.

लोकांना नेमकं काय कळतं? फोन उचलतो का, ड्रेनेज तुंबल्यावर कोणाला घेऊन येतो, पाण्याची वेळ बदलली तर क्षेत्रीय कार्यालयात भांडतो का. यात कट्ट्याइतका चांगला साक्षीदार नाही. फक्त विशेषणं ऐकू नका, तपशील मागा: कोणतं काम, कोणत्या गल्लीत, कोणत्या साली. ‘लय कामं केली’ म्हणणारा या तीन प्रश्नांत अडकला तर ते मत त्याने कुठून तरी उचललेलं आहे.

साल विचारणं सगळ्यात महत्त्वाचं. आधीच्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते. त्या काळात नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती. 2023 मध्ये झालेल्या रस्त्याचं श्रेय माजी नगरसेवक घेत असेल तर पाठपुराव्याचं पत्र दाखवायला सांगा, असतं कोणाकोणाकडे. आणि त्याच चार वर्षांतल्या खड्ड्यांचा राग त्याच्यावर काढणंही तितकंच चुकीचं. समाविष्ट गावांत तर आणखी गुंता आहे. 2021 साली आलेल्या 23 गावांचं नियोजन पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) गेलं, त्यामुळे तिथल्या बांधकामाच्या तक्रारींचं खापर नगरसेवकावर फोडण्याआधी तो विषय कोणाकडे होता ते पाहावं लागतं.

चार सदस्यांच्या प्रभागात श्रेय चौघांचं असतं आणि जबाबदारी कोणाचीच नसते. एकाच कमानीवर चार नावं आणि खाली ‘यांच्या संकल्पनेतून’. पाणी आलं नाही की मात्र ‘तो भाग त्यांच्याकडे आहे’ असं ऐकायला मिळतं. बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, चांगले असताना उखडून पुन्हा बसवलेले पेव्हर ब्लॉक, हे डोळ्यांना दिसतं म्हणून लोकांच्या तोंडी राहतं. जमिनीखालची ड्रेनेज लाइन बदलणाऱ्याला मात्र सहा महिने रस्ता खोदल्याबद्दल शिव्याच मिळतात.

म्हणून कागद बघा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत तीस दिवस. ‘प्रभागातील सर्व विकासकामांची माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलंत तर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, कार्यालयात येऊन पाहावी’ असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. एक आर्थिक वर्ष, एक प्रभाग, एक खातं (पथ, पाणीपुरवठा किंवा मलनिस्सारण) धरा आणि पाचच गोष्टी मागा: कामाचं नाव व ठिकाण, निविदा रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, काम पूर्ण झाल्याची तारीख, दोषदायित्व कालावधी. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात. तो कालावधी चालू असताना रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. तिथे नवीन निविदा निघाली असेल तर नगरसेवकाला विचारायला तुमच्याकडे पक्का प्रश्न आहे. सभेत तो काय बोलला हे कार्यवृत्तांतात सापडतं, आणि लेखी प्रश्न विचारले असतील तर तेही.

उमेदवाराचं शपथपत्र लोक फक्त ‘किती कोटी’ एवढ्यासाठी उघडतात. आधी निवडणूक लढवलेला माणूस असेल तर जुनं शपथपत्र शेजारी ठेवा, आणि पती किंवा पत्नी व अवलंबितांचे रकानेही वाचा. गुन्ह्यांच्या रकान्यात आकडा नव्हे, कलमं पाहायची. आंदोलनात बसलेल्या माणसावर बेकायदा जमाव (भारतीय न्याय संहितेचं 189) किंवा आदेशाचा भंग (223) अशी कलमं लागतात. अशा सात केसेस असलेला माणूस आणि फसवणुकीची (318) एकच केस असलेला माणूस यांना एका तागडीत तोलू नका. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना जुन्या भारतीय दंड संहितेचे आकडे असतात: 143, 188 आणि 420.

‘त्याला तिसरं मूल आहे’, ‘बांधकाम अनधिकृत आहे’, ‘दाखला खोटा आहे’ ही कुजबुज प्रत्येक प्रभागात असते. मुद्दे खरोखरच अपात्रतेचे आहेत. 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेलं तिसरं अपत्य, स्वतः किंवा जोडीदाराने केलेलं अनधिकृत बांधकाम, मुदतीत सादर न झालेली जातवैधता, यावर पद जातं. पण पुरावा हातात असेल तर तो छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे यायला हवा. निवडणूक याचिका करायची तर निकालानंतर दहा दिवस असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या मेसेजचा त्यासाठी उपयोग शून्य.

निम्म्या जागा महिलांच्या. तिथे लोक मत वहिनींबद्दल देत नाहीत, भाऊंबद्दल देतात. पत्रकावरचा मोबाइल नंबर कोणाचा आहे ते आधी बघा. बैठकीत प्रश्न विचारल्यावर उत्तर शेजारून आलं, तर पाच वर्षं तसंच चालेल असं समजा. याच्या उलट, बचत गट किंवा सोसायटीचं काम करत वर आलेल्या बाईला ‘अनुभव नाही’ म्हणून मोडीत काढणारेही हेच कट्टेवाले.

आश्वासनं ऐकताना विषय कोणाच्या अखत्यारीतला ते तपासा. वीज महावितरणची, गुन्हे पोलिसांचे, रेशनकार्ड पुरवठा खात्याचं. मिळकतकरातली 40 टक्के सवलत 2023 मध्ये परत मिळाली ती राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने, फ्लेक्स मात्र गल्लोगल्ली लागले.

आणि मतदान यंत्रापुढे अ, ब, क, ड या चार जागा चार वेगळ्या निवडणुका आहेत. एकाबद्दलचं चांगलं मत उरलेल्या तिघांना लागू होत नाही, तरी ‘पॅनेल टू पॅनेल’ दाबणारे पुष्कळ. चारही जागांची बटणं दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. एखाद्या जागेला कोणीच पटत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबा. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाच्या 2018 च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची असते, आणि दुसऱ्यांदाही तसंच झालं तर नोटा वगळून ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो.