अर्ज तेवढे जमतात

सीमाभागातल्या मुलीनं मराठीत लिहायचं म्हटलं की विषय आधीच ठरलेला असतो. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी यंदा मला दिलेला विषय आहे ‘सीमाभागातील मराठी युवक : दशा आणि दिशा’. कोऱ्या कागदावर शीर्षक लिहून खाली रेघ मारून ठेवलीय. पुढं काही नाही.

तसं लिहायला काहीच नाही असं नव्हे. 1956 साली राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगावकडचा आमचा भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हा माझी आजी पाळण्यात होती. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिवशी, आजोबा निषेध म्हणून दंडाला काळी फीत लावून फेरीला जायचे. यातलं काहीच खोटं नाही. पण लिहायला घेतलं की ‘अन्यायाच्या वरवंट्याखाली’ वगैरे वाक्यं न बोलावता रांगेत येऊन उभी राहतात, आणि इतकी सहज येतात म्हणूनच मला त्यांचा संशय येतो. ती मी ऐकलेल्या भाषणांतली असतात. आजोबा कधी असं बोलले नाहीत. फेरीहून आले की ते आधी म्हशीला पाणी पाजायचे.

स्फूर्ती यावी म्हणून सर दरवर्षी तीच नावं सांगतात. इंदिरा संत बेळगावातच राहिल्या, पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, वगैरे. ऐकून स्फुरण चढायच्या ऐवजी हातपाय गार पडतात. मग थंडीत गावोगावची साहित्य संमेलनं सुरू होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर. गावच्या गाव राबतं, ग्रंथदिंडी निघते, नऊवारी नेसलेल्या पोरी लेझीम खेळतात, दुपारी मांडवात जेवण असतं. मला ही संमेलनं मनापासून आवडतात. फक्त लांबून आलेले पाहुणे ‘तुम्ही मराठी जपलीत’ म्हणतात तेव्हा आमच्या गावावर मुरांब्याची बरणी राखायला दिल्यासारखं वाटतं. आम्ही जपत कुठं बसलोय? बोलतोय की. बोलता बोलता त्यात कन्नडमधलं ‘होगली बिडू’, म्हणजे ‘जाऊ दे, सोड’, येतं, तेही सोडून देतो.

शाळेत तर न सुचण्याची सोयच होती. माझ्या वेळी आमच्याकडं दहावीला प्रथम भाषा 125 गुणांची होती, बाकीचे विषय शंभराचे. म्हणजे एकूण 625 मध्ये सगळ्यात जाड वाटा मराठीचा, आणि त्यातला निबंध गाईडातला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मध्ये मोर नाचला, इंद्रधनुष्य उगवलं, बळीराजा सुखावला. त्याच पावसात आई प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेऊन रताळ्याचे वेल लावत असायची, आणि शाळा सुटली की मीही वाफ्यात उतरायची. चिखलात रुतलेली चप्पल उपसायची म्हणजे एका पायावर उभं राहावं लागतं, आणि तेवढ्यात वरून कोण तरी ओरडतं, “वेल उलटा लावलास बघ!” हे निबंधात आलं नाही. रताळ्याला गुण मिळतात असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

शिकून काय मिळणार, हा प्रश्न आमच्या घरात कुणी रागानं विचारत नाही. हिशोब म्हणून विचारतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे, त्यामुळं पहाटे रस्त्यानं पळणारी पोरं आमच्याकडं गावोगावी दिसतात. अग्निवीराला दहावीत 45 टक्के लागतात. माझ्या चुलतभावानं शिक्षण तेवढंच मोजून घेतलं, त्याच्यावर एक पानही जास्त वाचलं नाही. दुसरा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, सीएनसी मशीनवर आहे. त्याचा पगार आमच्या तासिकेवरच्या सरांना सांगावासा वाटत नाही. आणि मी मराठी घेऊन बी.ए. मास्तरीण होईन म्हणावं तर मराठी शाळांतली पोरंच कमी व्हायला लागलीत. जून 2023 पासून बायकांना सरकारी बस फुकट झाली नसती तर माझं कॉलेजही कदाचित हिशोबात बसलं नसतं. कंडक्टर रोज शून्य रुपयाचं तिकीट हातात देतो. दशा म्हणा, दिशा म्हणा, माझी तरी त्या तिकिटावर चाललीय.

एका बाबतीत मात्र माझं कधी अडत नाही. गल्लीतले सरकारी अर्ज मी लिहिते, तेही कन्नडमधून. रेशन कार्डात नाव चढवायचं, दिव्याचा खांब बंद पडलाय, वेतन (पेन्शनला आमच्याकडं वेतनच म्हणतात) थांबलंय. लोक संध्याकाळी कोरा कागद आणि आधारची झेरॉक्स घेऊन येतात आणि पायरीवर बसतात. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कविता कन्नडमधून लिहीत, 1973 चं ज्ञानपीठही त्यांना मिळालं. माझ्या कन्नडची मजल ‘मान्यरे’ पासून ‘वंदनेगळोंदिगे’ पर्यंत. पण तेवढ्या पट्ट्यात माझा हात थांबत नाही. ‘ई मेलिन विषयक्के संबंधिसिदंते’, म्हणजे ‘वरील विषयासंबंधी’, लिहिलं की पुढचं आपोआप येतं, आणि या आपोआपचा मला संशय येत नाही. समोर माणूस बसलेलं असतं. त्याला उद्या सकाळच्या बसनं तो कागद न्यायचा असतो.

परवा शेजारची आक्का विधवा वेतनाचा अर्ज घेऊन आली. तिचं नाव आधारवर एक आणि पासबुकावर दुसरंच. तीन ओळींचं काम. मी लिहीत होते आणि ती सांगत होती: लग्नात नाव बदललं ते कसं, माहेरी तिला काय म्हणत, नवरा गेल्यावर कागदावर अंगठा कुणी उठवून घेतला. मग म्हणाली, “आणि सुनेनं मला वेगळं काढलंय, ते बी लिव.”

“आक्का, त्याचा इथं संबंध न्हाई.”

“असू दे की. साहेब वाचंल तरी.”

शेवटी खाली एक ओळ घातली, सुनेपासून वेगळ्या राहतात एवढीच. मग तिनं सगळं मराठीत वाचून दाखवायला लावलं. मी वाचत गेले, ती डोळे मिटून ऐकत होती, आणि सुनेपाशी आल्यावर तिनं मला थांबवलं. “सून नको म्हणू तिला. धाकट्याची बायको म्हण.” मी म्हटलं, कन्नडमध्ये ‘सोसे’ लिहून झालंय, आता खोडावं लागेल. ती म्हणाली, “खोड की मग. कागद हाय माझ्याकडं दुसरा.”