सांगलीतलं आमचं थेरपी सेंटर : आमची वाटचाल

सांगलीच्या खणभागात तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन २०१४ साली मी सेंटर सुरू केलं. शिक्षण मुंबईला केईएममध्ये झालेलं. तिथे कमलाबाई निंबकरांनी १९५० सालीच ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं होतं, तरी इकडे प्रत्येक पालकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. मी एवढंच सांगायचे : शर्टाची बटणं लावणं, फळ्यावरचं वहीत उतरवणं, न पडता न्हाणीघरात जाऊन येणं, अशी माणसाची रोजची कामं त्याची त्याला जमावीत, म्हणून आम्ही आहोत.

सुरुवातीला आली ती ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेली शाळकरी मुलं. मिरजेच्या डॉक्टरांनी पाठवलेली, तासगाव, जत, अगदी अथणीहूनही. झोपाळा, ट्रॅम्पोलिन, गाद्या, मोठे चेंडू एवढं साहित्य घेतलं होतं. मुलं रमायची, हात चालायला लागायचे. पण शाळेतून तक्रारी येतच राहायच्या.

तिसरीतला एक मुलगा आमच्याकडे तासभर बसून लिहायचा. शाळेत मात्र परिपाठ सुरू झाला, की कानावर हात ठेवून फाटकाकडे पळायचा. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढून मी एका सकाळी मैदानात जाऊन उभी राहिले. त्याची रांग लाउडस्पीकरच्या पुढ्यातच होती आणि प्रार्थनेआधी तो स्पीकर जोरात शिटी मारायचा. आपल्याला ती नुसती खटकते, त्याला सहनच होत नव्हती. बाईंनी त्याला रांगेच्या टोकाला, अशोकाच्या झाडाशी उभं केलं. परिपाठाआधी वह्यांचा गठ्ठा ऑफिसात पोचवायचं काम दिलं, कारण वजन उचलल्यावर तो शांत व्हायचा. वर्गात व्हरांड्याकडच्या खिडकीपासून त्याची जागा हलवली आणि दिवसाचं वेळापत्रक चित्रांत करून बाकावर चिकटवलं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो पूर्ण परिपाठ उभा राहू लागला.

तेव्हापासून आमचा नियम झाला, मुलाचा वर्ग पाहिल्याशिवाय कार्यक्रम ठरवायचा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि सर्वसमावेशक शिक्षण ही शाळेची जबाबदारी आहे. पण वर्गातल्या बाईंना कायदा ऐकवून काही साधत नाही. त्यांच्यापुढे अख्खा वर्ग बसलेला असतो. म्हणून आम्ही एका वेळी दोनच बदल सुचवतो, तेही खर्च नसलेले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सेंटरमध्ये शिरलं. गाद्या, लाकडी साहित्य, फाइली, सगळं गेलं. पालकांनी चिखल काढायला हात लावला, ते मी विसरणार नाही. नंतर विश्रामबागेत जागा शोधली. वरच्या मजल्यांवर भाडं कमी होतं, तरी आम्ही हट्टाने तळमजलाच घेतला, कारण तोवर आजी-आजोबाही आमच्याकडे येऊ लागले होते.

ते आले नातवंडांमुळे. मुलांना सेशनला आणायची जबाबदारी बहुधा आजीवर असते. बाकावरून उठताना भिंत धरणारी, वळताना जागच्या जागी पाच-सहा पावलं टाकणारी आजी समोर दिसत असताना गप्प बसणं मला जमलं नाही. मग एक कोपरा त्यांच्यासाठी केला : हातांची खुर्ची, तिथून तीन मीटरवर जमिनीवर पट्टी, आणि स्टॉपवॉच. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरून आम्ही पुढची तपासणी करतो. पण मला सेकंदांपेक्षा त्यांचं वळणं जास्त सांगून जातं. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे पाठवतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचं त्यांनीच पाहायला हवं.

त्यानंतर घरभेट. बहुतेक घरांत तेच दिसतं : मोरीतली ओली फरशी, उंच उंबरठा, सैल स्लिपर, रात्री संडासाच्या वाटेवर अंधार. तिथे भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि एक रात्रीचा दिवा लावून घेतो. पायांचा व्यायाम मात्र रोज करायचाच, त्याला पर्याय नाही.

आज सकाळी घरभेटी, दुपारनंतर मुलं असा आमचा दिवस असतो. सोबत दोन तरुण सहकारी आहेत. महिन्यांचं पॅकेज आगाऊ विकत नाही. ‘ऑटिझम बरा करून देतो’ असं कुणालाही सांगत नाही. तो आजार नाहीच, आणि अशा आश्वासनांवर पैसे घालवून आलेले आईवडील पाहिले, की जीव तुटतो.

पहिल्या भेटीला मुलाची शाळेची वही आणि डबा घेऊन या. आजी-आजोबांनी रोजच्या चपला घालून, रोजची काठी घेऊन यावं, सोबत चालू गोळ्यांची चिठ्ठी आणावी.