भरली की सुटते

कराडच्या स्टँडबाहेर वडापवाला (वडाप म्हणजे सीटवर माणसं भरून नेणारी जीप) "पाटण पाटण पाटण, एकच सीट, एकच सीट" असा ओरडत असतो ना, त्या एका सीटवर माझं अर्धं आयुष्य गेलंय. ती एक कधीच नसते. तुम्ही जाऊन बसता, तरी अजून एकच बाकी असते, मग मागं दोन कॉलेजची पोरं कोंबतात, पुढं एकजण अर्धा आत अर्धा दारात, आणि ड्रायव्हर गियर टाकताना आधी तुमच्या गुडघ्याची माफी मागतो. एवढं शिक्षण घेऊन मी २०१२ साली व्हॉलंटियर म्हणून आफ्रिकेतल्या मलावीला गेले. जाताना मलेरियाच्या गोळ्या, मच्छरदाणी, आईनं दिलेलं मेतकूट असं सगळं बॅगेत होतं, पण तिथं वर्षभर खरं उपयोगाला आलं ते वडापच.

मी झोम्बाला होते, शिक्षकांच्या ट्रेनिंगचं काम. गाव छोटं, डोक्यावर भलं मोठं पठार, १९७५ पर्यंत देशाची राजधानी इथंच होती हे सांगितल्याशिवाय पटत नाही. आम्ही चौघं एकत्र फिरायचो. एक केरळची नर्स, आमच्यात मोठी, तिला सगळे चेची म्हणजे ताई म्हणायचे. एक फिलिपिन्सचा अकाउंटंट, त्याच्या भाषेत दादाला कुया म्हणतात म्हणून तो कुया. आणि हॉलंडची एक पोरगी, उंची सहा फूट, तिला मी लंबू म्हणायला लागले आणि अर्थ विचारल्यावर "उंच राजकन्या" असं सांगितलं, देव मला माफ करो. पगार म्हणजे पगार नाहीच, खर्चापुरता भत्ता, तोही क्वाचामध्ये, म्हणजे तिथल्या चलनात. आणि मे २०१२ मध्ये सरकारनं क्वाचा उतरवला, डॉलरला १६७ च्या आसपास होते ते एकदम २५० झाले. त्यामुळं टुरिस्ट लोक जी सफारीची जीप घेतात ती आम्ही फक्त बाहेरून बघितली. आम्ही मिनीबसनं फिरलो.

मिनीबस म्हणजे जपानमधून आलेली जुनी हायेस. दारावर अजून जपानी अक्षरं तशीच, कुठल्यातरी बालवाडीची नाहीतर लाँड्रीची असावीत, आणि मागच्या काचेवर आपल्याकडं "आई-वडिलांचा आशीर्वाद" असतो तिथं बायबलातलं वचन. एका ओळीत तिघांची जागा, बसतात चार. पुढं पोलीस दिसले की प्रत्येक ओळीतला चौथा खाली वाकून चपलेचा बंद बांधल्यासारखं करतो, चपलेला बंद नसला तरी. लंबूचे गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत, आणि सीटखाली पाय बांधलेली कोंबडी असली की ती नेमकी तिच्याच घोट्याला चोच मारणार. मांडीवर कुणाचं तरी बाळ आलेलं असतं, कुणाचं ते उतरताना कळतं. वास उसिपाचा, म्हणजे त्यांच्या तळ्यातली बारकी सुकी मासळी. मला माझ्या आजोळचा सुकटीचा डबा आठवायचा आणि कुयाला त्याचं गाव, आम्ही दोघं खुश, चेची पण खुश, लंबू खिडकीकडं तोंड करून.

पण सगळ्यात मोठं काम बसायचं नसतं, वाट बघायचं असतं. गाडीला टाइमटेबल नाही. भरली की सुटते. आठला गेलात तर दहालाही सुटेल, साडेआठलाही. तेवढ्यात खिडकीतून सगळा बाजार आत येतो, उकडलेली अंडी आणि सोबत कागदात मीठ-तिखट, मंदासी (आपल्या गुलगुल्यांचा भाऊ), भाजलेली कणसं, आंब्याच्या दिवसात बादलीभर आंबे. लिलाँग्वेच्या रस्त्याला तर काडीला लावलेले भाजके उंदीर पण विकायला असतात, ते आम्ही चौघांनीही नुसतेच बघितले. लंबूला सुरुवातीला हे वाट बघणं सोसायचंच नाही. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायची आणि विचारायची, कधी निघणार? कंडक्टर अगदी मनापासून म्हणायचा, आत्ता. तो खोटं बोलत नव्हता हो. वडापवाल्याचं पण "आत्ता" तेवढंच खरं असतं. त्याचं घड्याळ डोक्यांवर चालतं, तेरा डोकी झाली म्हणजे तेरा वाजले.

एकदा ब्लँटायरला निघालो होतो, साठ-पासष्ट किलोमीटर, आणि स्टँडवर एक गाडी जवळजवळ भरलेली दिसली. चारच जागा रिकाम्या, आम्ही चौघंच. कॉलबॉयनं, म्हणजे ओरडून गाडी भरणाऱ्या पोरानं, आमच्या बॅगा ओढून घेतल्या, आम्ही पळत जाऊन आत घुसलो, लंबू म्हणाली आज नशीब उघडलं. आम्ही टेकलो आणि पुढच्या ओळीतले चौघं शांतपणे उठले, शर्ट झटकले आणि उतरून गेले. परत चार जागा रिकाम्या. मग अजून दोन बायका आल्या, तर मागचे दोघं उतरले. ही सगळी स्टँडवरचीच पोरं, गाडी भरलेली दिसावी म्हणून बसवलेली. रिकाम्या गाडीत कोण बसत नाही, भरत आलेल्यात सगळे धावतात. निघेपर्यंत दीड तास गेला.

चेची त्या दिवशी काही बोलली नाही. पण पुढच्या वेळी ती दारात उभी राहून आत बसलेल्यांच्या मांड्या बघायला लागली. नर्सच ती. म्हणाली, ज्याच्या मांडीवर पिशवी नाही, पोर नाही, कोंबडी नाही आणि ज्याला घाम आलेला नाही, तो प्रवासी नव्हे. तेव्हापासून आम्ही चेचीनं तपासल्याशिवाय कुठल्याच गाडीत चढलो नाही आणि निम्म्या वेळा तरी तिचं निदान बरोबर निघालं.

डिसेंबरमध्ये टांझानियाला गेलो. करोंगा, सोंग्वेची बॉर्डर, मग चढण सुरू झाली आणि तुकुयूच्या आसपास नुसता चहा आणि केळी, डोळे निवले. तिकडं मिनीबसला दलादला म्हणतात आणि केन्यात मतातू. दलादला हे पाच शिलिंगाच्या नाण्याला लोक डाला, म्हणजे डॉलर म्हणायचे त्यावरून, आणि मतातू तातूवरून म्हणजे तीन, भाडं दहा सेंटची तीन नाणी असायचं म्हणून. भाडी कधीच कुठच्या कुठं गेली, नावं तेवढी राहिली. आणि कुठल्याही गाडीला स्वाहिलीत गारी. आपलीच गाडी समुद्र ओलांडून गेलेली, तसंच दुकानाला दुका आणि लाखाला लाकी. "गारी इमेजा", गाडी भरली. हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला अर्धं कळलं आणि कराडातच उभी असल्यासारखं वाटलं.

म्बेयाहून दार-ए-सलामचं तिकीट काढलं, त्यावर लिहिलेलं १२. कुया हिशोबाचा माणूस, म्हणाला दुपारी बाराला आहे, झोपा निवांत. पहाटे लॉजचा वॉचमन दार बडवायला लागला, बसी, बसी, आणि मनगटावर बोट आपटत होता. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आणि पहाटेचे सहा म्हणजे बारा. माझी आजी कासराभर दिवस वर आला असं सांगायची, तिला हे घड्याळ एका मिनिटात कळलं असतं, आम्हा चार शिकलेल्यांना कळेना. तेव्हा तिथं लांबच्या बसला रात्री चालायची बंदी होती म्हणून सगळ्या पहाटेच सुटायच्या. केस न विंचरता, कुया एका पायात बूट एका पायात चप्पल असे आम्ही पळालो, आणि बघा, जन्मभर भरायची वाट बघणाऱ्या गाड्यांत बसलो आणि ही एक नेमकी वेळेवर निघत होती. हात करकरून थांबवली. पुढं रस्ता मिकुमी नॅशनल पार्कातनं जवळजवळ पन्नास किलोमीटर जातो. उजवीकडं जिराफ उभे, लोक ढाराढूर झोपलेले, ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही. बसच्या तिकिटात सफारी झाली. झांझिबारबद्दल सगळे लिहितात म्हणून मी लिहीत नाही, फक्त तिथं उरोजो म्हणून जे मिळतं ना, आंबट पिवळ्या रश्शात बटाटा, भजी आणि वरून कुरकुरीत काहीबाही, ते खाताना मी तर्री मागितली हे खरंय.

एप्रिलमध्ये दुसरी फेरी, झांबियातून व्हिक्टोरिया धबधबा. नेमकी पाण्याची भर असते त्या दिवसात, एवढे तुषार की धबधबा दिसतच नाही, नुसता ऐकायचा. मोसी-ओआ-तुन्या, गडगडणारा धूर, हे नाव कुणी ठेवलं असेल तो एप्रिलमध्येच आला असणार. १९०५ चा पूल चालत ओलांडून झिंबाब्वेत गेलो.

झिंबाब्वेत तेव्हा स्वतःचं चलनच नव्हतं, अमेरिकन डॉलर चालायचे, पण नाणी नाहीत. एक डॉलरची नोट तर हात लावल्यावर साबण शोधावा अशी झालेली. हरारेत कोम्बीचं, म्हणजे तिथल्या मिनीबसचं, भाडं पन्नास सेंट. मी एक डॉलर दिला, शेजारच्या बाईनंही एक दिला, कंडक्टरनं आम्हा दोघींत मिळून एक डॉलर परत केला आणि बोटानं आधी मी मग ती असं दाखवून मोकळा झाला. आपल्या एसटीत पण करतात की, "दोघं मिळून घ्या, खाली उतरून वाटून घ्या", नाहीतर तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतात आणि उतरताना आपण नेमकं विसरतो. बाईला इंग्रजी येत होतं पण बोलायची तिला काही गरज वाटली नाही. उतरल्यावर माझ्या मनगटाला धरून ती सरळ केळीवालीकडं गेली, त्या डॉलरची केळी घेतली आणि फूटपाथवर फणी सोडवून एक तुला एक मला अशी मोजली. शेवटी एक जास्तीचं उरलं. ते हातात धरून तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्या पाठीवरच्या पोराकडं बघितलं, झाला निकाल. पलीकडं लंबू एका म्हाताऱ्याबरोबर अशीच उभी, त्यांच्या डॉलरचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

येताना बस मोझांबिकमधून, तेतेला झांबेझी ओलांडून आली. डोक्यावर टोपली घेतलेला पोरगा खिडकीखाली ओरडत होता, "पाँव, पाँव". १७५२ पर्यंत त्या पोर्तुगीज मुलखाचा कारभार गोव्यातून चालायचा हे मी शाळेत कधी वाचल्याचं आठवत नाही. पाव मात्र ओळखीचा निघाला, गरम आणि पोकळ.

परत आले त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात मावशीला पाटणच्या वडापात बसवायला स्टँडवर गेले होते. मावशीला खिडकी मिळाली, पिशव्या आत गेल्या, गाडी अर्धी रिकामी. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुम्हीपण टेका की दोन मिनटं. बाईमाणूस बसलेलं दिसलं की लोकं येतात." मला पाटणला जायचं नव्हतं. मावशीनं डोळे मोठे केले. मी चढले आणि मधल्या ओळीत बसले. खरंच आले हो लोक, आधी एक मास्तर, मग नवरा-बायको, मग शेवटी दमलेली एक म्हातारी, ट्रॅक्सच्या दारात उभी राहून आत कुठं जागा आहे बघत. मी शर्टची घडी नीट केली आणि उठले. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही, हाताकडं बघितलं, दोन्ही रिकामे.