विझागचा बॉम्ब आणि दोनशे पावलांचं जहाज

विझागला, म्हणजे विशाखापट्टणमला, जाणारी माणसं अराकू, बोरा गुहा आणि बीचवरची पाणबुडी बघून परत येतात. मी निघालो होतो एका न फुटलेल्या बॉम्बसाठी. ही गोष्ट बायकोला सांगितली ती कोणार्क एक्स्प्रेसनं पुणं सोडल्यावर. आधी बोललो असतो तर तिकिटं गोव्याची निघाली असती. रात्री सोलापूर आलं तेव्हा तिनं डब्यातली शेंगाचटणी काढली आणि म्हणाली, "अहो, बॉम्ब बघायला एवढं लांब?" सोलापूरचाही या गोष्टीशी संबंध आहे, पण ते नंतर.

बॉम्ब आहे बीच रोडवरच्या विशाखा म्युझियममध्ये, जुन्या डच बंगल्यात. तलवारी, बंदुका, जमीनदारांचे पोशाख यांतून फिरत त्याच्यापर्यंत पोचलो. दंडगोलासारखं जाड लोखंड, रंग गेलेला. समोर एक लहान मुलगा बापाला तेलुगूत काहीतरी विचारत होता. मला त्यातलं 'जपान' तेवढं कळलं. बापानं हातानं आकाश दाखवलं आणि दोघं पुढे गेले.

आकाशातून, हे खरंच. पण ६ एप्रिल १९४२ ला ती विमानं आली कुठून? अंदमान जपान्यांकडे गेलं होतं, रंगूनही पडलं होतं, म्हणून तिकडून आली असावीत असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. ती आली समुद्रातून, ऱ्यूजो नावाच्या हलक्या विमानवाहू नौकेवरून. नावाचा अर्थ साधारण 'उसळी घेणारा ड्रॅगन'. या ड्रॅगनची जन्मकथा मला फार आवडते, कारण ती एका पळवाटेपासून सुरू होते.

१९२२ च्या वॉशिंग्टन करारानं कोणत्या देशानं किती टनांच्या विमानवाहू नौका बाळगायच्या हे ठरवून दिलं. त्यात एक फट राहिली: दहा हजार टनांच्या आतली नौका हिशेबात धरायचीच नाही. जपाननं आठ हजार टनांच्या नौकेचा आराखडा केला आणि १९२९ मध्ये योकोहामाला काम सुरू झालं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, एवढ्याशा नौकेवर विमानं मावणार किती? म्हणून एका हँगरवर, म्हणजे विमानं ठेवायच्या मजल्यावर, दुसरा हँगर चढवला. विमानं ४८ झाली आणि वजनही वर गेलं. एका मजल्याच्या पायावर दुसरा मजला चढवणारे आपल्याकडेही कमी नाहीत. बरं, नौका अजून बांधली जात होती तोच १९३० च्या लंडन करारानं ती फट बुजवून टाकली. म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती सवलतच गेली. या वर्गातली दुसरी नौका कधी झालीच नाही.

१९३३ मध्ये ती नौदलात दाखल झाली. पुढच्याच मार्चमध्ये तोमोझुरू ही नवी कोरी टॉर्पेडो बोट वादळात उलटली आणि जड माथ्याची सगळी जहाजं नौदलाच्या नजरेत आली. ऱ्यूजो कुरेच्या गोदीत गेली. तोल सावरायला बाजूंना फुगवटे लावले, तळाशी भार वाढवला, काही तोफा उतरवल्या. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये ताफा टायफूनमध्ये सापडला, लाटांनी पुढचा भाग आणि ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची जागा, झोडपून काढला. परत गोदी, परत दुरुस्ती. तिचा ब्रिज डेकच्या वर नव्हता, पुढच्या टोकाशी डेकच्या खाली होता, त्यामुळे वर नुसतं सपाट फळकुट. फोटो पाहिलात तर जहाजाच्या डोक्यावर कोणी चुकून टेबल ठेवलंय असं वाटतं.

अशी ही डागडुजीची नौका एप्रिल १९४२ मध्ये बंगालच्या उपसागराची मालकीण झाली. अकागीसारख्या मोठ्या विमानवाहू नौका घेऊन जपानी ॲडमिरल नागुमो ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर गेला होता. उपसागरातली व्यापारी वाहतूक मोडण्याचं काम दुसरा ॲडमिरल ओझावा याच्याकडे आलं. हाताशी ऱ्यूजो, काही क्रूझर, काही विनाशिका. तिला अडवेल असं मोठं लढाऊ जहाज ब्रिटिशांकडे या बाजूला त्या दिवशी नव्हतंच. या मोहिमेत २३ व्यापारी जहाजं बुडाली, एक लाख टनांहून जास्त. सहा तारखेला तिची विमानं विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर आली. लोक घरंदारं सोडून आतल्या गावांकडे पळाले.

सोलापूर येतं ते इथं. वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांच्या सिंधिया या जहाज कंपनीच्या जहाजबांधणी गोदीची पायाभरणी राजेंद्रप्रसादांनी विझागला जून १९४१ मध्ये केली होती. वर्ष भरायच्या आत बॉम्ब पडले आणि यंत्रसामग्री मुंबईला हलवावी लागली. या गोदीतलं पहिलं जहाज, 'जलउषा', पाण्यात उतरलं ते १९४८ च्या मार्चमध्ये, नेहरूंच्या हस्ते. दुसऱ्या दिवशी यारडा बीचला जाताना घाटरस्त्यावर रिक्षा थांबवून बंदराकडे बघत राहिलो. क्रेनच्या गर्दीत गोदी नेमकी कुठली ते ड्रायव्हरनं बोट दाखवून सांगितलं. मग १९७१ ची 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी कुठं बुडाली तेही सांगितलं, अगदी रंगवून. गाझी इथं सगळ्यांना पाठ आहे. ऱ्यूजो म्हटल्यावर त्यानं मान हलवली, "जपान बाँबु? म्युझियम में है."

विझागवरच्या हल्ल्यानंतर ऱ्यूजो चार महिने अठरा दिवस जगली. जूनमध्ये ती अलास्काकडे डच हार्बरवर गेली. तिच्यावरचा कोगा नावाचा वैमानिक गोळी लागलेलं झिरो हे लढाऊ विमान घेऊन अकुतान बेटावर उतरायला गेला. वरून दिसलेलं गवत म्हणजे दलदल निघाली, विमान उलटलं, तो जागीच गेला. विमान मात्र जवळपास धड राहिलं. अमेरिकनांना ते जुलैत सापडलं, त्यांनी ते सॅन डिएगोला नेऊन दुरुस्त केलं आणि उडवून बघितलं. जास्त वेगात झिरो वळायला जड जातं आणि एकदम नाक खाली घातलं की त्याचं इंजिन गचके खातं, हे त्यांना त्यातून पक्कं कळलं. २४ ऑगस्टला सॉलोमन बेटांजवळ साराटोगा या अमेरिकन विमानवाहू नौकेच्या विमानांनी ऱ्यूजोला गाठलं. बॉम्ब पडले, एक पाणतीर लागला, इंजिनरूममध्ये पाणी शिरलं. ग्वाडालकॅनाल बेटावर हल्ल्याला गेलेली तिची विमानं परत आली तेव्हा उतरायला डेकच नव्हतं. ती आजूबाजूच्या समुद्रात उतरली. संध्याकाळी नौका बुडाली.

शेवटच्या संध्याकाळी आर. के. बीचवर पाणबुडीसमोर तिकिटाची रांग होती, ती बघूनच पुढे गेलो. ऱ्यूजोचं डेक १५६.५ मीटर लांब होतं हे डोक्यात घोळत होतं. फुटपाथवर एका दिव्याच्या खांबापासून पावलं मोजायला लागलो. बायको आधी लांबून चालत होती, मग तीही मोजायला लागली. तिची पावलं लहान, त्यामुळे आकडे जुळेनात. माझं दोनशे नववं पाऊल मुरी मिक्स्चरच्या गाडीशी आलं. एवढंसं? यावरून विमानं उडायची आणि यावरच परत उतरायची.

गाडीवाला कांदा चिरत होता. आमचं मोजणं त्यानं बघितलं होतं. "क्या नाप रहे हो, साब?"

"जहाज," बायको म्हणाली.

त्यानं समुद्राकडे पाहिलं. बंदरात शिरायची वाट बघत तीन मालवाहू जहाजं उभी होती.

"कौनसा?"