पालकांची सही

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याची गडबड सुरू होते. कोषागारातून बँकेत यादी आलेली असते. तिच्यात आपलं नाव शोधायचं, समोरच्या रकान्यात सही ठोकायची, की पुढचं वर्षभर सरकारदरबारी आपण जिवंत. हल्ली मोबाईलला चेहरा दाखवूनही हे काम भागतं, पण अण्णांना ते पटत नाही. "चेहरा काय, वय झालं की बदलतो. सही बदलत नाही."

सहीचा त्यांना भारी तोरा. साताऱ्यात धोम कालव्याच्या ऑफिसात ३३ वर्षं कारकुनी केलेली. शाईचं पेन, कॅम्लिनची निळी शाई, आडनावाच्या शेवटी एक झटका, खाली तिरपी रेघ आणि रेघेखाली टिंबं. पाण्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरायला शेतकरी यायचे, त्यातले बरेचसे अंगठेवाले. अण्णा त्यांचा अंगठा धरून पॅडवर फिरवायचे, कागदावर दाबायचे. शाई लागलेला अंगठा ती माणसं आपल्याच केसांना पुसायची आणि जायची. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी बसून हे कितीदा पाहिलंय. आम्ही अभ्यासाला टाळाटाळ केली की घरात ठरलेलं वाक्य यायचं, "अंगठाबहाद्दर व्हायचंय का?"

माझा आणि त्या सहीचा संबंध यायचा तो प्रगतिपुस्तकापुरता. अण्णांनी कधी हात उगारला नाही, हे आधी सांगते. ते फक्त वाचायचे. पेनचं टोपण काढून त्याच्या टोकाने एकेक विषय खाली सरकत जायचे. मराठी, हिंदी, इंग्रजी. गणितापाशी टोपण थांबायचं. आत कुकरची शिट्टी व्हायची, तरी थांबलेलंच असायचं. मग "हं" एवढंच म्हणून ते सही करायचे, टोपण लावायचे आणि पेपर उघडायचे. त्या "हं"चा अर्थ मी आयुष्यातली बरीच वर्षं लावत बसले. निराशा? राग? की नुसताच घसा?

सातवीत सहामाहीला गणितात २९ पडले. ३५ला पास, म्हणजे खाली तांबडी रेघ. ते "हं" ऐकायची माझी तयारी नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत जुन्या वहीच्या मागच्या पानांवर चार दिवस सराव केला आणि पाचव्या दिवशी अण्णांच्याच पेनने 'पालकांची सही' या रकान्यात अण्णांची सही ठोकून दिली. शाळेत खपली. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. प्रगतिपुस्तक वर्षभराचं एकच असतं. वार्षिकचा निकाल लागला तेव्हा तेच पुस्तक पुन्हा अण्णांच्या हातात गेलं, आणि वरच्या रकान्यात त्यांनी न केलेली सही त्यांच्याकडे बघत होती. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी. गणितात ५१ होते. टोपण नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलं. मग "हं". सही. टोपण बंद. त्यांच्या लक्षात आलं नाही, वाचले बाई, असं म्हणून मी खेळायला पळाले.

पुढे मोठेपणी, मनाचं वगैरे बोलायची पद्धत आल्यावर, एकदोन मैत्रिणींनी सुचवलं की वडिलांशी बसून एकदा सगळं बोलून टाक, मोकळी होशील. मी तयारीही केली होती. "अण्णा, तुम्ही कधी शाबास म्हणाला नाहीत," इथून सुरुवात. ते वाक्य घेऊन मी किती वेळा पुण्याहून साताऱ्याला गेले आणि खंबाटकी घाटातच ते गिळून टाकलं, मोजलं नाही.

त्याऐवजी मी मुलावर सूड उगवला. म्हणजे खूप बोलले. त्याच्या शाळेत गुण नसतात, अ-२, ब-१ अशा श्रेणी असतात. प्रत्येक श्रेणीवर मी त्याच्याशी सविस्तर संवाद साधते. ब-२ आला तर काय वाटलं, का वाटलं, तू तुझ्या जागी महत्त्वाचा आहेस, सगळं. मागच्या सत्रात तो जोडे घालता घालता म्हणाला, "आई, तू नुसती सही कर ना." मला एकदम अण्णांचं टोपण आठवलं.

यंदा अण्णा ८२चे. हात थरथरतो. कंपवात नाही, वयाचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. कप धरताना कमी, लिहायला बसलं की जास्त. यादीतली सही कशीबशी झाली. मग पैसे काढायच्या स्लिपवर केली, तर काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं, स्लिपकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "आजोबा, जुळत नाहीये." पुन्हा केली. पुन्हा नाही. म्हणजे जिवंत असल्याचं मान्य, पण तेच आहेत याची खात्री नाही. तिसऱ्या वेळी मी कागद दाबून धरला, तरी आडनावाचा झटका तीन ठिकाणी तुटला.

"अंगठा चालेल," मुलगी म्हणाली. "दोन साक्षीदार लागतील, एक आमचे साहेब होतील."

अंगठा! मी अण्णांकडे बघायचं टाळलं. मागे रांग वाढत होती. अण्णांनी पेनला टोपण लावलं, सावकाश, आणि माझ्याकडे हनुवटी करून त्या मुलीला म्हणाले, "हिला करू द्या. हिला येते माझी सही."

मुलगी हसली, तिला विनोद वाटला. मी काचेवरचं व्याजदराचं पत्रक वाचायला लागले. एकही आकडा दिसत नव्हता.

शेवटी अंगठाच दिला. पॅडवर त्यांचा अंगठा मी फिरवला, डावीकडून उजवीकडे, जसा त्यांच्या टेबलाशी पाहिला होता. पैसे मोजून झाल्यावर पुसायला मी पिशवीत रुमाल शोधत होते, तोवर अण्णांनी अंगठा केसांना पुसूनही टाकला होता. पांढऱ्या केसांत जांभळा फराटा.

रिक्षा पोवई नाक्याला अडकली. मी बाहेर बघतच विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"गणितात एकोणतीस."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णा बराच वेळ पुढच्या ट्रकच्या पाटीकडे बघत राहिले. सिग्नल सुटला.

"मी दोन टिंबं देतो," ते म्हणाले. "तू तीन दिली होतीस."